धवलारणींचा दावा

माझी आत्या धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात भटजी येण्याच्या कितीतरी आधीपासून जे विधी चालतात, त्यांची गाणी म्हणजे धवले, आणि ते गाणारी बाई धवलारीण. मांडव घालताना वेगळा धवला, तांदूळ निवडताना वेगळा, हळदीला वेगळा. त्यांचं पुस्तक नाही, वही नाही. आत्या तिच्या सासूच्या मागे बसून ऐकत ऐकत शिकली. पेणच्या खाडीकडच्या पाच-सहा गावांत अजूनही लग्न ठरलं की हॉलच्या आधी आत्याची तारीख विचारतात.

मी त्यांतल्याच एका गावातली. लग्न होऊन रोह्याला आले. वरसे गावात राहते, आणि नदीपलीकडे अष्टमी गावात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. नवरा कंपनीत शिफ्टला जातो. ॲप बनवायला मला कुणी शिकवलं नाही. सकाळच्या बॅचच्या मुली गेल्या की दुपारी रिकाम्या मशीनवर बसायचं, व्हिडिओ बघायचे, चुका करायच्या, पुसायच्या. पहिलं ॲप टाकाऊ झालं. दुसरं त्याहून टाकाऊ. तिसरं धवल्यांचं.

त्याचं कारण आत्याचा फोन. उरण-पनवेलकडच्या मुली तिला फोन करून म्हणायच्या, ‘‘मावशी, आमच्याकडं आता गाणारी कोणी उरली नाय. आमाला शिकवा.’’ आत्या भात शिजत टाकून फोनवर गायला बसायची. अर्ध्यात रेंज जायची. पलीकडे कोणी ऐकत नाही हे कळायच्या आत तिचं अख्खं कडवं गाऊन झालेलं असायचं. एकदा मी समोरच बसले होते. म्हटलं, ‘‘आत्या, हे एकदाच रेकॉर्ड करू. मग ज्यांना शिकायचंय ते शिकतील.’’

‘‘आनि माझा मान?’’ ती म्हणाली.

मान म्हणजे लग्नघरची बाई धवलारणीच्या ओटीत घालते तो. नारळ, तांदूळ, लुगडं आणि वर जे काही ठरलं असेल ते. हा मान कुणाच्या हाती पाठवत नाहीत. घरची बाई समोर येते आणि स्वतःच्या हाताने ओटीत घालते. आत्याने एका लग्नात नवरदेवाच्या काकाने मॅनेजरकडून पाकीट पाठवलं म्हणून ते परत केलं होतं. नंतर त्या घरची बाई धावत आली, तेव्हा पदर पुढे केला.

म्हणून मी ॲप तसंच बांधलं. आत्या आणि तिच्या ओळखीच्या आणखी चौघी, अशा पाच धवलारणी. आत्याच्या मागच्या खोलीत खिडकीला गोधडी लावून त्यांचे धवले रेकॉर्ड केले. प्रत्येक विधीचा एक धडा. आधी बाई सबंध गाते, मग एकेक ओळ तोडून सांगते, मग शिकणारीने गायचं. पहिला धडा फुकट. पुढचे उघडायचे तर त्या बाईच्या नावाचं बटण दाबायचं, की पैसे थेट तिच्या बँकेच्या खात्यात. मधे मी नाही, कुणीच नाही. आत्याने फोनवर पहिला मेसेज वाजलेला ऐकला, मला वाचायला लावला आणि विचारलं, ‘‘कोन हाय ही? कंची?’’ नाव होतं, गाव नव्हतं. तिला ते फार लागलं. म्हणून पुढच्या वेळी मी शिकणारीच्या नावाबरोबर गावाचीही जागा केली.

दीड वर्ष सगळं बरं चाललं. मग मी एक छोटी सुधारणा पाठवली, अक्षर मोठं करायची, कारण पाचही जणींना चष्मा आहे. ती सुधारणा परत आली. खाली कारण लिहिलं होतं.

इथे थोडं सांगायला हवं. आपल्याकडे बहुतेक लोक फोनमध्ये ॲप घेतात ते एका मोठ्या परदेशी कंपनीच्या दुकानातून. ते दुकान फोनमध्ये आधीच बसवलेलं असतं. त्याचा नियम असा, की ॲपमधून साडी विकली, रिक्षा बोलावली, जेवण मागवलं, तर पैसे कसेही घ्या. पण फोनच्या आतच वापरायची वस्तू विकली, म्हणजे गाणं, धडा, खेळ, तर पैसे आमच्याच गल्ल्यातून यायला हवेत. त्यातला आमचा वाटा आम्ही कापून घेऊ आणि उरलेले ॲपवाल्याला देऊ. ॲपवाली मी. म्हणजे पाच जणींचा मान आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे, आणि मग कधीतरी त्या बायांकडे.

मी उत्तर लिहिलं. तोडकंमोडकं इंग्रजी, पण मुद्दा सरळ होता. हीच बाई उद्या घरी जाऊन गायली तर ती सेवा, आणि तुम्हाला त्यातलं काही नको. तीच बाई फोनमध्ये गायली की लगेच तुमचा वाटा कसा? गळा तर तोच आहे.

उत्तर आलं. माझ्या पत्रातला एकही शब्द त्यात नव्हता. नियमाचा तोच परिच्छेद पुन्हा चिकटवला होता. मी चार वेळा लिहिलं, चार वेळा तोच परिच्छेद. पंधरवड्यात ॲप दुकानातून काढून टाकलं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. म्हणाला, ‘‘दे ना त्यांचा वाटा. आमच्याकडं कंत्राटदार कामगाराच्या पगारातनं कापतोच की. कुणी काय करतं?’’

‘‘तुम्ही काही करत नाही म्हणून तो कापतो,’’ मी म्हटलं.

तो उठला. ताट उचलून गेला. दोन दिवस आमच्यात कामापुरतंही बोलणं नव्हतं. पण मला त्याचं म्हणणं खोटं वाटलं असं नाही. मलाही वाटत होतं की देऊन टाकावं, मोकळं व्हावं. त्याच विचाराने मी पेणला गेले. पाचही जणींना आत्याच्या ओटीवर बसवलं आणि समजावलं, की थोडं कमी मिळेल, थोडं उशिरा मिळेल, पण ॲप परत चालू होईल.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘मना एक सांग. त्यो कंपनीवाला धवला ऐकतो?’’

‘‘नाही गो.’’

‘‘त्याच्या घरात लगीन हाय?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग माझ्या ओटीत त्याचा हात कशाला?’’

मी म्हटलं, ‘‘आत्या, त्यांचं दुकान आहे. ते चालवायला खर्च येतो त्यांना.’’

‘‘येऊं दे. दुकानाचं भारा मांग म्हनावं. भारा म्हंजे भारा, वर्साचा. दर गान्यामागं नाय.’’

दुकानाचं वर्षाचं भाडं घ्या, दर गाण्यामागे वाटा नको, हेच मी पुढे कितीतरी शिकलेल्या लोकांच्या तोंडून लांबलचक ऐकलं. आत्याने ते भाताचं तूस पाखडता पाखडता सांगितलं होतं. मला माझीच लाज वाटली. मी तडजोड विकायला आले होते, आणि जिने शाळेचं तोंड पाहिलं नाही तिने ती घेतली नाही.

पेणला एक वकीलबाई आहेत. खारभूमीचे बांध, संपादनात गेलेल्या जमिनी, मिठागरांच्या वाटण्या, असे दावे चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ॲप म्हणजे काय हे मला त्यांना त्यांच्याच फोनवर दाखवावं लागलं. मी कंपनीच्या कराराची प्रिंट नेली होती, चांगला जाडजूड गठ्ठा. त्यांनी तो आठवडाभर ठेवून घेतला. पुन्हा गेले तेव्हा त्यात पेन्सिलच्या खुणा होत्या.

‘‘यावर तुझी सही कुठेय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘सही नाही. मी बटण दाबलं.’’

‘‘मग तीच सही. आणि यात लिहिलंय, भांडायचं तर परदेशातल्या कोर्टात येऊन भांडा. वाचलं होतंस?’’

‘‘नाही.’’

‘‘कोणी वाचत नाही. म्हणूनच लिहितात.’’ त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, ‘‘त्या पाच बायांनी बटण दाबलं होतं का?’’

‘‘त्यांनी कशाला दाबावं? त्यांचा कंपनीशी काही संबंधच नाही.’’

‘‘बरोबर,’’ वकीलबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. ‘‘त्यांना घेऊन ये.’’

पाचातल्या चौघी आल्या. पाचवीच्या मुलाने निरोप पाठवला, आईला कोर्टाच्या भानगडीत ओढू नका, आणि तिची गाणीही काढून टाका. मी काढली. तिच्या तांदळाच्या धवल्यासारखा धवला दुसऱ्या कुणाला येत नाही. ती बाजारात भेटली की अजून हसते, पण हा विषय तीही काढत नाही आणि मीही काढत नाही.

दावा पेणच्या दिवाणी न्यायालयात दाखल झाला. वादी आम्ही पाच जणी, चार धवलारणी आणि मी. ओळखीचे लोक हसले. एवढ्या मोठ्या कंपनीवर पेणच्या कोर्टात दावा? क्लासला येणाऱ्या एका मुलीच्या वडिलांनी तर तोंडावर विचारलं, ‘‘मॅडम, तिकडून नोटीस घ्यायला तरी कोणी येणार काय?’’

कोणी एक नाही, तिघे आले. मुंबईहून, काळे कोट आणि चाकांच्या बॅगा घेऊन. चौघी धवलारणी लग्नाला जातात तशा नटून आल्या होत्या. काष्ट्याची लुगडी, अंबाडे, अबोलीचे गजरे. शिपाई म्हणाला, ‘‘मावशी, हे कोर्ट आहे.’’ आत्या म्हणाली, ‘‘मंग? उघडंबोडकं यायचं काय?’’

कंपनीच्या वकिलांनी इंग्रजीत सुरुवात केली. आमच्या वकीलबाईंनी उठून सांगितलं, माझ्या अशिलांना मराठीच कळतं. न्यायाधीश तरुण होते. ते म्हणाले, मराठीत बोला. मग ते वकील मराठीत बोलले, माझ्यापेक्षा शुद्ध. म्हणाले, या वादीने करार मान्य केला आहे, त्यात कोर्ट कुठलं ते ठरलेलं आहे. गल्ला एकच असला की फसवणूक होत नाही, गिऱ्हाइकाचे पैसे सुरक्षित राहतात. हे ऐकताना मी मान खाली घातली. कारण एकदा कुणीतरी आमच्या धड्यांची नक्कल करून त्यात स्वतःचा क्यूआर कोड घातला होता, आणि एका बाईचे पैसे गेले होते. ते म्हणत होते ते सगळंच खोटं नव्हतं. पण चोराची भीती दाखवून वाटा मागणाऱ्याला राखणदार म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच.

मग ते म्हणाले, ‘‘आणि उरलेल्या चार वादींशी तर आमच्या अशिलांचं कसलंही नातं नाही. त्यांना दावा करण्याचा अधिकारच नाही.’’

मागच्या बाकावरून आत्या उभी राहिली. ‘‘नातं नाय तर माझं गानं बंद कसं केलंस?’’

न्यायाधीशांनी तिला खाली बसायला सांगितलं. ती बसली. पण आमच्या वकीलबाईंनी तेच वाक्य उचललं आणि पुढचा अर्धा तास त्यावरच बोलल्या. करार नाही तर अट नाही, आणि अट नाही तर ज्यांच्याशी नातंच नाही अशा बायांच्या कमाईची वाट तुम्ही कोणत्या हक्काने अडवता?

हुकूम दोन तारखांनंतर आला. ॲप परत दुकानात ठेवा असा तात्पुरता हुकूम आम्ही मागितला होता, तो नामंजूर झाला. मी बटण दाबलं होतं, म्हणून करार मला बांधतो. दाव्यातून माझं नाव वगळलं. आणि चार धवलारणींनी काहीच मान्य केलेलं नाही, त्यांना परदेशातल्या कोर्टात पाठवता येणार नाही, त्यांचा दावा इथेच चालेल.

कोर्टाबाहेर मी रडले. सगळं मी केलेलं, आणि दाव्यात मीच नाही. आत्याला वाटलं आपण हरलो. वकीलबाई म्हणाल्या, ‘‘अगं, हे जिंकणंच आहे. ते परदेशचा रस्ता दाखवत होते. आता त्यांना पेणला यावं लागेल, दर तारखेला.’’

ॲप मात्र बंदच होतं. तेव्हा मी एक केलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. स्वतःचं वेबपेज उभं केलं आणि ॲपची फाइल तिथे ठेवली. ज्याला हवी त्याने थेट तिथून घ्यावी, दुकानाचा संबंध नाही. फाइल उघडली की फोन लाल अक्षरांत इशारा देतो, की ही तुमच्या फोनला धोक्याची असू शकते. निडी गावच्या एका सुनेने घाबरून फोन केला, ‘‘ताई, फोन नको बोलतोय.’’ मी तिला स्टेशनवर भेटले आणि एकेक पायरी करून दाखवली. मग त्याच पायऱ्यांचा व्हिडिओ केला. लोक आले, पण पूर्वीच्या निम्मेही नाहीत. हे मी लपवत नाही. दुकानाच्या बाहेर उभं राहणं महाग पडतं, आणि ते महाग पडावं अशीच सगळी मांडणी आहे.

मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या दिल्लीच्या स्पर्धा आयोगाकडे याच नियमाविरुद्ध आमच्यासारख्या लहान ॲपवाल्यांच्या तक्रारी गेल्या होत्या. त्यांच्याबरोबर मीही प्रतिज्ञापत्र दिलं. तिथून काय काय निघालं ते वर्तमानपत्रांत येत राहिलं. काही दिवसांनी कंपनीने नियम थोडा सैल केला. आता दुसऱ्याच्या गल्ल्यातून पैसे घेतले तरी चालतील, पण वाटा द्यावाच लागेल, जरासा कमी. म्हणजे आमच्या गल्ल्यात या नाहीतर नका येऊ, आमचा हिस्सा ठरलेला.

त्यानंतर पावसाच्या तोंडावर वकीलबाईंनी चौघींना बोलावलं. मीही गेले, पण आता मी वादी नव्हते, म्हणून दाराशी बसले. कंपनीकडून तडजोडीचा मसुदा आला होता. ॲप दुकानात परत घेऊ. या बायांच्या पैशांतला एक पैसाही घेणार नाही, ते थेट त्यांच्या खात्यात जाऊ देऊ. त्यासाठी फक्त दोन गोष्टी. दावा मागे घ्यायचा, आणि ही सवलत मिळाली हे कुणालाही, कधीही, कुठेही सांगायचं नाही.

जे मागितलं होतं ते सगळं समोर होतं. माझ्या तोंडाशी ‘नको’ आलं होतं, पण दावा माझा नव्हता. मी ओठ दाबून बसले.

आत्या दमली होती. त्या वर्षी तिला छातीचा त्रास सुरू झाला होता, वरचा सूर लागत नव्हता. ती म्हणाली, ‘‘घेऊं या का गो? पोरी तरी शिकतील. मी किती दिस गानार आता?’’

वकीलबाई म्हणाल्या, ‘‘घेतलंत तरी मला वाईट वाटणार नाही. चांगली तडजोड आहे.’’

चौघींत एक सगळ्यात अबोल. रेकॉर्डिंगच्या वेळीसुद्धा गाण्याबाहेर एक शब्द बोलली नव्हती. तिने विचारलं, ‘‘कोनाला सांगायचं नाय म्हंजे? माझ्या बहिनीला पन नाय?’’

‘‘कुणालाच नाही.’’

‘‘आनि दुसरी कोन गानारी असली, अलिबागची, तिला पन असंच हवं असलं तर?’’

‘‘तिला मिळेलच असं नाही. तिला हे कळताही कामा नये.’’

तिने लुगड्याचा काठ सारखा केला. मग म्हणाली, ‘‘आमचा धंदाच तोंडाचा. त्यो तोंडच बंद करायला मांगतो. मना नाय पटत.’’

आत्या आधी तिच्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला. पाणी पिऊन ती म्हणाली, ‘‘फाड त्यो कागद.’’ वकीलबाईंनी फाडला नाही, फाइलला लावला आणि त्यावर चौघींचे नकाराचे अंगठे आणि सह्या घेतल्या.

परतीच्या गाडीत मी एकटीच होते. मी दाराशी बसून काहीच केलं नव्हतं, तरी कुणाला माझा चेहरा दिसू नये म्हणून नागोठण्यापर्यंत मी खिडकीकडेच तोंड करून बसले.

आत्याची साक्ष गेल्या हिवाळ्यात झाली. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कठडा धरून उभी. कंपनीच्या वकिलांनी अदबीने विचारलं, ‘‘मावशी, ही गाणी तुम्ही रचलीत का?’’

‘‘नाय.’’

‘‘तुमच्या सासूबाईंनी?’’

‘‘नाय. त्यांच्या आधीपासनं हायेत.’’

‘‘म्हणजे ही कुणा एकाची नाहीत. मग तुमचा हक्क कसला?’’

‘‘मी गातंय त्याचा,’’ आत्या म्हणाली. ‘‘गानं सगल्यांचं. गला माझा. तू गाऊन दाखव, तुझ्या गल्याचा मान तुला.’’

न्यायाधीशांनी ते जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. टायपिस्टने ‘गला’ऐवजी ‘गळा’ लिहिलं. वकीलबाईंनी उठून हरकत घेतली आणि ‘गला’ करून घेतलं.

दाव्याचा निकाल अजून नाही. दोन साक्षी राहिल्यात, आणि निकाल कुठल्याही बाजूने लागला तरी अपील अलिबागच्या जिल्हा कोर्टात जाईल, हे आम्हाला ठाऊक आहे. ॲप आमच्याच पेजवर चालू आहे. शिकणाऱ्या कमी आहेत, पण दर महिन्याला काही नव्या येतात, आणि जे येतं ते सरळ गाणारीच्या खात्यात येतं. माझा वाटा मी कधीच ठेवला नव्हता. आत्या वर्षाला एक साडी देते, ती मी घेते.

गेल्या महिन्यात दुकानाने माझं खातंच कायमचं बंद केल्याचं कळवलं. खाली लिहिलं होतं, आपलं काही म्हणणं असल्यास या चौकटीत लिहा, इतक्या अक्षरांत. मी पहिल्यांदाच मराठीत लिहिलं. तुमच्या दुकानात मला जागा नको, माझी माणसं माझं घर शोधत येतात. पण तुमचा नियम चूक आहे आणि तसं मी ज्याला-त्याला सांगणार आहे, कारण गप्प राहण्याच्या कागदावर आमच्यातल्या एकीनेही सही केलेली नाही.

अक्षरं जास्त झाली. शेवटचं वाक्य चौकटीत मावेना. मी काही कापलं नाही, उरलेलं वेगळ्या पत्रात लिहून दुसऱ्या दिवशी रोह्याच्या पोस्टातून रजिस्टर केलं.